दोन सूर खाली

आमच्या हौशी मंडळानं एक फ्रेंच शोकांत ऑपेरा बसवला, त्यात ताई नायिका होती. सहा महिने भावोजी पियानोवर साथ करत आणि ती शेवटचं गाणं सहज म्हणे. वाद्यवृंदाबरोबरच्या पहिल्याच तालमीत मात्र वरच्या सुराला तिचा आवाज फाटला.

"मूळ पट्टी हीच आहे," वाद्यवृंदाचे प्रमुख म्हणाले.

ताईनं भावोजींकडे पाहिलं. "तू कुठे वाजवत होतास?"

"दोन सूर खाली. तुझा हिरमोड नको म्हणून."

"मग आता चारचौघांत झाला, तो चालला?"

भूमिका दुसरीला गेली. ताई कोरसमध्ये उभी राहिली. प्रयोगानंतर भावोजी गाडी घेऊन दाराशी थांबले होते. ती सरळ माझ्या स्कूटरवर बसली.

"आईकडे चल," म्हणाली.