आधीपासून बसलेली टिक

मी एक जुनी टिक आहे. जुनी म्हणजे चार वर्षांची. पण संगणकाच्या जगात एवढ्या वयात पणजीबाई होतात.

मित्रांनो, छापायच्या लग्नपत्रिका तयार करायचं एक सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं आणि त्याच्या आत डोकावून कोणीही बदल सुचवू शकतं. ते इन्स्टॉल करताना एक लहानसा चौकोन दिसतो : ‘काम आपोआप सेव्ह करत राहा’. त्या चौकोनात मी बसते. पगार नाही, पण जागा स्वतःची.

माझा जन्म मंगरूळपीरला, धम्मदीपाताईंच्या घरी झाला. त्यांच्यासोबत कोड लिहिणारा विकास मात्र मला बसू द्यायला तयार नव्हता.

“ताई, हिच्यानं जुने कम्प्युटर हळू चालतात. चौकोन रिकामा ठेवू. ज्याले पाहिजे तो लावीन टिक.”

“ज्याले पाहिजे, त्याले ती हाय हेच माहीत नसते, विकास.”

वाद मिटेना. शेवटी दोघं केनवडला, पत्रिका छापून देणाऱ्या रंजीताच्या दुकानात गेले. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना रंजीतानं एका हातात चहा धरून नुसतं ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबलं.

“वाचलं काहून नाही?” विकासनं विचारलं.

“काय वाचाचं? तुमी लिवलं म्हणजे चांगलंच असन ना!”

विकासनं स्वतःच चौकोनात टिक लावली. मी कायमची बसले. इतक्या विश्वासानं माझ्याकडे आजवर कोणी दुर्लक्ष केलं नव्हतं.

मग वैष्णवीचं लग्न ठरलं. तिला घेऊन वडील दौलतराव, काका माणिकराव आणि आत्या गोजराबाई दुकानात आले. पत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर, यावरून सकाळपासून पेटलेलं होतं.

“माह्यं नाव माणक्याच्या खाली? म्या त्याले कडेवर खेळवलं! मी लग्नाले येतच नाई,” गोजराबाई कडाडल्या.

“अक्का, तू वर राह्य, पन ये,” माणिकरावांनी हात जोडले.

वैष्णवी रडवेली झाली. आत्याशिवाय हळद कोण लावणार?

दुपारी एकदाची नावं जुळली. त्यासाठी स्वर्गवासी आजोबांनाही एक ओळ खाली सरकावं लागलं, पण त्यांनी तक्रार केली नाही. गोजराबाई हसल्या आणि लाईट गेली.

भांडणाच्या नादात रंजीताला सेव्ह करायचं भानच राहिलं नव्हतं. काळ्या पडद्याकडे पाहत गोजराबाईंनी पदर खोचला. “मंग? पुन्यांदा सुरू करा लागते काय?”

माणिकराव खालीच बसले.

लाईट आली. रंजीतानं फाईल उघडली. नावं जशीच्या तशी होती, आजोबांसकट! दौलतरावांनी गहिवरून पहिली पत्रिका लाईट आणणाऱ्या लाईनमनला दिली. माझं नाव कोणी काढलं नाही. मला वाईट वाटलं, पण थोडंच. कारण वैष्णवीला हळद आत्यानंच लावली.

मित्रांनो, मी धम्मदीपाताईंची ऋणी आहे. त्यांनी न वाचणाऱ्यांचा आधी विचार केला. न वाचणाऱ्या रंजीताचीही ऋणी आहे. तिनं वाचलं असतं, तर कदाचित मला काढलं असतं. तुम्हीही मोठेपणी काही बनवाल. तेव्हा जो काहीच विचारणार नाही, त्याचीही काळजी आधीच घेऊन ठेवा.

रंजीताकडून हा सगळा प्रकार ऐकल्यावर विकासनं कोडमध्ये माझ्या शेजारी, पुढे कोड बदलणाऱ्यांसाठी, स्वतःच्या हातानं एक सूचना लिहिली. ती आजही तिथं आहे :

‘ही टिक काढू नये. गोजराबाई येतील.’