चहाच्या डागाचा चौक

माझ्यावर आणखी एक फाइल ठेवायच्या आधी जरा थांबा, दोन शब्द ऐकून घ्या. मी नकाशा. शहराच्या विकास आराखड्यातला, पाठीला कापड लावलेला, कडेला थोडा कुरतडलेला, पण शब्दाचा पक्का.

वाघोलीच्या अलीकडचं एक गाव पुण्यात सामील झालं, तेव्हा माझा जन्म झाला. आरेखक रंगनाथ यांनी मला काढलं. त्यांची रेघ म्हणजे ताणलेला दोरा. शाळेशेजारच्या दीड एकरावर त्यांनी हिरवा रंग भरला आणि लिहिलं, 'खेळाचे मैदान'. मी फुशारूनच गेलो. तेवढ्यात चहा आला. रंगनाथांनी ग्लास टेकवला तो नेमका माझ्या हिरव्या तुकड्यावर! गोल डाग उठला. "वाळला की दिसणार नाही," म्हणून त्यांनी मला गुंडाळलं.

मग वर्षानुवर्षं मी कपाटावर पडून. माणसांची एक गंमत आहे. आराखडा मंजूर झाला की पेढे वाटतात, आणि अमलात आणायचा म्हटलं की कपाटाची किल्ली सापडत नाही.

अखेर अंमलबजावणीचा मुहूर्त लागला. माझी प्रत संगणकावर गेली. तिथं कुणीतरी तो गोल डाग पाहिला आणि इमानेइतबारे त्याचा चौक करून टाकला. मैदान गायब! सोमवारी खोदाई सुरू, अशी पाटीही लागली.

गावातल्या मुक्ताई एक दिवस महापालिकेच्या कार्यालयात आल्या, तेव्हा मी वरून सगळं ऐकत होतो. त्यांची लेक नम्रता गोळाफेकीत जिल्ह्यात दुसरी आलेली. सराव मात्र रस्त्याच्या कडेला. टँकर आला की गोळा हातात धरून उभं राहायचं.

"मॅडम, मैदान गेलं तर पोरीनं गोळा टाकायचा कुठं?"

समोर कनिष्ठ अभियंता तेजस्विनी होती, नोकरीत नवीच. "ताई, नकाशात चौक आहे. मी तरी काय करू?"

"चौक? तिथं रस्ता एकच हाय. बाकीचे तीन काय आभाळातनं येणार हायेत?"

तेजस्विनीनं कपाटाकडे पाहिलं. मग स्टूल ओढून तिनं मला खाली घेतलं आणि माझ्यावरची धूळ झटकली. खरं सांगतो, मला भरून आलं. डाग दिसताच तिनं टेबलावरचा रिकामा ग्लास उचलून हळूच त्यावर ठेवला. तंतोतंत बसला.

तिनं निवृत्त रंगनाथांना फोन लावला. "काका, शाळेजवळ ज्याचा चौक झालाय, तो गोल आपण काढलाय का?"

"अहो, चहा माझा. चौक तुमचा."

मग त्यांचा आवाज मऊ झाला. "मैदानच आहे ते. लेखी हवं असेल तर उद्या येतो." आणि आले. चूक आपल्या हातानं कागदावर कबूल करणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

सोमवारी जेसीबी आला, पण जमीन सपाट करायला. तेजस्विनीनं मला जीपच्या बॉनेटवर पसरलं आणि टेप लावून हद्दीचे खांब रोवून घेतले. माझ्यावरच्या रेघा एकेक करून मातीत उतरत होत्या. त्याचसाठी तर मी जन्मलो होतो! शेवटी नम्रतानं खुंटी ठोकली, दोरी ताणली आणि फक्कीनं गोळाफेकीचं वर्तुळ आखलं. तेजस्विनीनं माझ्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. वर्तुळ बरोबर डागाच्या जागी पडलं होतं.

नम्रता आत उभी राहिली, तिनं गिरकी घेतली आणि गोळा फेकला. मुक्ताईंनी डोळ्यांना पदर लावला.

माझ्यावर अजून एक दवाखाना, दोन बागा आणि एक वाचनालय बाकी आहे. तीही होणार, मला शंका नाही. तुम्ही फक्त मला अधूनमधून उघडत जा. चहाही खुशाल प्या. ग्लास मात्र टेबलावर ठेवा.