विहिरीत परतलेलं पाणी

सोमेशला अलीकडं भाकरीलाही औषधाचा वास यायचा. साबण झाला, राख झाली, लिंबू चोळून झालं, पण वास काही बोटं सोडायला तयार नव्हता. बायको म्हणायची, तो तुमच्या नाकातच बसलाय. बसला असेल! भुजंग मुकादमाच्या ट्रॅक्टरवर औषधाची टाकी घेऊन मुखेडच्या आसपासची गावं पालथी घालायला लागून दोन हंगाम झाले होते. एवढ्या दिवसांत वास नाकात बसणार नाही तर कुठं बसणार?

काम दिसायला सोपं. ट्रॉलीवर हजार लिटरची काळी टाकी. फवारणारे आठ गडी पाठीवरचा पंप रिकामा झाला की सोयाबीनमधून धुऱ्यावर यायचे, ट्रॉलीकडं पाठ करून उभे राहायचे. सोमेश वरून नळी सोडून पंप भरायचा आणि गडी पुन्हा पिकात. खरं तर टाकीत नुसतं पाणी ठेवायचं आणि औषध मापानं ज्याच्या त्याच्या पंपात घालायचं. पण भुजंगला कुठला धीर! तो बाटल्यांची बुचं दातानं उघडायचा, सगळं औषध एकदम टाकीत ओतायचा, कोपरापर्यंत हात घालून ढवळायचा आणि त्याच हातानं तंबाखू मळून ओठाखाली धरायचा. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा सोमेश बांधाआड जाऊन ओकून आला होता. आता ओकत नव्हता, फक्त मान फिरवायचा. माणूस कशालाही सरावतो, ही काही फार अभिमानाची गोष्ट नाही.

त्या दिवशी आप्पासाहेबांचं शेत होतं. गावातली सगळ्यात मोठी जमीन त्यांची, आणि गाडीवाटेला लागून असलेली विहीरही त्यांचीच. पलीकडच्या वस्तीची बारा घरं तिचं पाणी प्यायची. आप्पासाहेबांनी त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि आपण नाही म्हणत नाही हे ते भेटेल त्याला सांगायचेही.

विहिरीवरच्या मोटारीचा पाइप सोमेशनं टाकीत सोडला. पाणी वरून पडलं की औषधाला फेस येतो, फेस उतू जातो, आणि मग भुजंग आईबापाचा उद्धार करतो. म्हणून त्यानं पाइपाचं तोंड पार तळाला टेकवलं. भुजंगनं बाटल्या आधीच ओतल्या होत्या. टाकी दुधासारखी पांढरी होत काठोकाठ आली आणि लाइट गेली.

"बरं झालं, भरली बी अन् गेली बी," भुजंग म्हणाला. "चला, जेवून घ्या."

सगळे जांभळीखाली बसले. अर्ध्या तासानं सोमेश ट्रॉलीवर चढला आणि टाकीत डोकावून बघतच राहिला. फेसाची पांढरी कड वर गळ्याशी वाळत होती आणि औषध खाली अर्ध्यावर गेलं होतं. टाकी कुठं गळत नव्हती. ट्रॉलीखालची माती कोरडी ठाक. त्यानं पाइप वर ओढला आणि त्याच्या तोंडाला हात लावला. तळहात फटकन चिकटला. पाइप पाणी ओढत होता.

मोटार बंद पडली, पाणी मागं फिरू न देणारी आतली झडप गळकी, आणि पाइपाचं तोंड औषधात बुडालेलं. वर चढलेलं पाणी आल्या वाटेनं परत विहिरीत उतरलं होतं, सोबत आठ बाटल्यांतलं निम्मं औषध घेऊन. पाइप कुणी बुडवला होता? सोमेशनंच. दुसऱ्याला काय नावं ठेवायची, इथं आपणच शेण खाल्लं होतं.

त्यानं भुजंगला सांगितलं. भुजंगनं तंबाखू थुंकली, इकडंतिकडं बघितलं आणि त्याला आप्पासाहेबांकडं नेलं. ते बाभळीच्या सावलीला खुर्ची टाकून बसले होते.

"चार परस खोल पाणी हाय इहिरीत," सगळं ऐकून आप्पासाहेब म्हणाले. "त्यात तुझं औषध म्हंजे दर्यामें खसखस."

"मालक, वस्ती पिती ते पाणी," सोमेश म्हणाला. " इंजन आणू अन् उपसून टाकू."

"अन् वस्तीनं इचारलं, कामून उपसायलाव, तर काय सांगू? उद्या पोलिस, परवा पेपरवाले. अजून बारा एकर राहिलंय. अळी पानाची चाळण करून राहिली, तिकडं आभाळ भरून आलंय. तू आपलं काम कर, बाळा. म्या बघतो."

सोमेशला वाटलं, बघतील. मोठा माणूस आहे, वस्तीवर निरोप धाडील. तो वळला, तोच आप्पासाहेबांनी फोन कानाला लावला.

"सृष्टी, घरातल्या टाकीचं पाणी सोडून दे. हाव, समदं. अन् आज शेतातलं पाणी कुणी तोंडाला लावायचं न्हाई. जार मागव." एवढं बोलून त्यांनी फोन खिशात टाकला आणि डोळे मिटले.

निरोप दिला तो एवढाच. स्वतःच्या लेकीला.

सोमेशच्या कानावर ते सगळं पडलं. आणि तरी तो टाकीवर गेला, लाज वाटते सांगायला, पण गेला, ट्रॅक्टर धुऱ्यावर नेला आणि तासभर पंप भरत राहिला. हात आपोआप चालत होते. त्या हातांची त्याला इतकी किळस आली की ते कुठं तरी काढून ठेवावेत असं वाटलं.

चार वाजता वस्तीच्या बाया घागरी घेऊन वाटेला लागलेल्या दिसल्या. सोमेशनं नळी फेकली, ट्रॅक्टर चालू केला आणि टाकीसकट विहिरीकडं दामटला. मागून भुजंग ओरडत पळत होता.

साखराबाई सगळ्यांच्या पुढं. साठीची बाई, पण पोहरा ओढण्यात तरण्या सुनांना मागं टाकणारी. तो पोचेपर्यंत तिची पहिली घागर भरून काठावर ठेवलेली होती.

"मावशी, पानी भरू नका! टाकीतलं औषध इहिरीत गेलंय!"

साखराबाईनं खाली वाकून बघितलं. "नितळ तर हाय की रे."

"दिसत न्हाई ते. वास घेऊन बघा."

"वास तर सकाळधरनं समद्या शिवाराला मारून राहिलाय. त्यात इहिरीचा कंचा म्हणू?"

बरोबरच होतं तिचं. तेवढ्यात आप्पासाहेब मोटारसायकलवरून आले. ओरडले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी सोमेशच्या पाठीवरून हात फिरवला.

"साखराबाई, औषध चढलंय गं लेकराला. दिसभर वासात काम, डोस्क्यात जातंच. भुजंग, ह्याला दवाखान्यात ने. कुणी तरी ताक पाजा रे बिचाऱ्याला."

"अरेरे," बाया हळहळल्या. एकीनं खरंच कपाळाला हात लावून बघितला. त्या पाठीवरच्या हातानं सोमेशच्या अंगावर काटा आला. शिवी दिली असती तर परवडली असती. ही माया म्हणजे नुसती घाण होती, आणि ती सगळ्यांच्या देखत त्याच्या पाठीवरून फिरत होती.

दुसऱ्या बाईनं पोहरा उचलला.

सोमेश ट्रॉलीकडं धावला. टाकीमागं डिझेलचा वीस लिटरचा कॅन होता. तो उचलून त्यानं कठड्यावर ठेवला, बूच काढलं आणि कुणी काही म्हणायच्या आत सगळा कॅन विहिरीत उपडा केला.

डिझेल गुटगुट करत खाली पडलं. पाण्यावर रंगीत तवंग पसरत गेला, आणि त्याचा वास असा आला की आता कुणालाच विचारायची गरज उरली नाही. एकच कालवा झाला.

"मुडद्या, हे काय केलंस!"

आप्पासाहेबांनी त्याची कॉलर धरली. आता त्यांचा आवाज चढला होता, आणि त्यात सुटल्याचा आनंद लपत नव्हता. "बघितलं ना समद्यांनी? इहीर ह्यानं नासवली! भुजंग, रामकिशनचं इंजन घेऊन ये. आत्ताच्या आत्ता उपसायला लावतो!"

सोमेशनं ते ऐकलं. उपसणार होते. त्याच्या नावावर का होईना, विहीर उपसली जाणार होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं होतं. पण हा संन्यासी तरी कुठला सोवळा? पाइप त्यानंच बुडवला होता. पाठीत गुद्दे बसत होते तरी तो हात वर न करता उभा राहिला.

"बारा घरं पितात रे हे पानी!" साखराबाईचा आवाज फुटला. काय करावं ते न कळून तिनं काठावरची भरलेली घागर उचलली आणि त्यातलं सगळं पाणी त्याच्या तोंडावर फेकलं.

सोमेशनं डोळे, ओठ गच्च मिटून घेतले. पण कॉलर धरून शेजारीच उभ्या असलेल्या आप्पासाहेबांचं तोंड शिव्या द्यायला उघडं होतं. अंगावर पाल पडावी तसे ते मागं उडाले. थू थू करत थुंकले, बाहीनं जीभ पुसली, पुन्हा थुंकले, पुन्हा पुसली.

कालवा थांबला. साखराबाई रिकामी घागर कमरेला धरून त्यांच्याकडं बघत होती.

"मालक," ती म्हणाली, "ही घागर तर म्या डिझेल वतायच्या आदीच भरल्याली. थुकायलाव कामून?"

आप्पासाहेबांची बाही तोंडावरच राहिली.