आपसूक थांबणारी गाडी

‘या गाड्या मरत नाहीत, मालक मरतात,’ असं टॅक्सी स्टँडवर म्हणायची पद्धत होती. म्हणताना सगळे हसायचे, म्हणून त्या वाक्याचा कोणी कधी विचार केला नव्हता. स्टँडवरच्या बहुतेक गाड्या एकाच जपानी कंपनीच्या, तिकडे कोणीतरी वापरून मग जहाजातून इकडे आलेल्या. कोणी पत्रा बदलला, कोणी सीटा बदलल्या, पण इंजिनाला हात लावायची वेळ सहसा यायची नाही. बाप गेला की मुलगा चालवायला बसायचा आणि गाडी काही झालंच नाही अशी पुढे चालू लागायची.

आपल्या गोष्टीतल्या माणसाला स्टँडवर सगळे ‘सावकाश’ म्हणायचे. प्रवासी घाई करू लागला की त्याचं एकच उत्तर असे, ‘सावकाश जाऊ, घाई काय आहे?’ स्वतःच्याच लग्नात तो उशिरा पोचला होता अशी कंडी पिकवलेली होती. ती खोटी होती, पण त्याने कधी खोडून काढली नाही. एकूण निवांत माणूस. जेवण, झोप आणि गाडी या तीन गोष्टींत कोणी लुडबुड केलेली त्याला चालत नसे.

त्याच्या गाडीत एक बाई बोलायची. किल्ली फिरवली की डॅशबोर्डमधून जपानी भाषेत एक लांबलचक वाक्य यायचं, गोड आवाजात, शेवटी जरा खाली उतरणारं. ते काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं आणि बंद कसं करायचं हेही. त्याची बायको तिला सवत म्हणायची. ‘आधी तिच्याशी बोला, मग माझ्याशी,’ असं म्हणून डबा हातात द्यायची. तोही रोज त्या बाईला ‘निघू या’ म्हणायचा आणि मग निघायचा.

गाडी पहिल्यांदा थांबली तेव्हा मागे एक शाळामास्तरीण बसली होती. सुट्टीसाठी वडिलांकडे निघाली होती. सरळ रस्ता, ऊन कोवळं, टाकीत पेट्रोल. मध्येच इंजिन निमूट बंद झालं. धक्का नाही, आवाज नाही. गाडी आपली आपण कडेला घरंगळत जाऊन उभी राहिली आणि ती जपानी बाई बोलली. रोजचं वाक्य नव्हे. दोन-तीन शब्द, तेही हळू, शेजारी कोणी झोपलंय म्हणून आवाज दाबावा तसे.

सावकाशने बॉनेट उघडलं. वायरी हलवून पाहिल्या, बॅटरीच्या टोकांवर फुंकर मारली. मास्तरीण चुळबुळ करू लागली तेव्हा म्हणाला, ‘बसा हो बाई. सावकाश. जपानी माल आहे, होईल चालू.’ ती बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिचा फोन वाजला. तिने तो ऐकला आणि मांडीवर ठेवला. वडील गेले होते. सावकाशने काय करावं ते न सुचून किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. उतरताना ती म्हणाली, ‘मघापर्यंत होते म्हणे. माझं नाव घेत होते.’ त्याने मान हलवली. अशा वेळी माणसं काहीबाही बोलतात असं त्याला वाटलं.

दुसऱ्यांदा औषधांच्या कंपनीचा विक्रेता होता. एकामागून एक विनोद सांगत होता. गाडी थांबली, बाई हळूच बोलली, बॉनेट उघडलं गेलं. विक्रेत्याने खाली उतरून बॉनेटपाशीही एक विनोद सांगितला. तो पुरा व्हायच्या आत फोन आला. त्याची मोठी बहीण गेली होती. सावकाशने त्या दिवशी भाडं घेतलं नाही, घरी येऊन जेवलाही नाही.

गॅरेजच्या मिस्त्रीने गाडी उलटीपालटी करून पाहिली. काही सापडेना. मिस्त्री तोंडाळ माणूस. काम कमी आणि इतिहास जास्त.

‘यात बिघाड नाहीच,’ मिस्त्री म्हणाला. ‘या कंपनीचं रक्तच तसं आहे. कंपनीकडून मला शिकवायला आलेल्या साहेबाने सांगितलं होतं. गाड्यांच्या आधी हे लोक कापड विणायचे माग बनवायचे. त्यांचा माग असा, की चालता चालता एक जरी धागा तुटला तरी आपसूक थांबायचा. कोणी बघायला नको, काही नको.’

‘मग?’

‘मग काय? तुझीही थांबते. कोणाचं तरी तुटलं, की थांबते.’ मिस्त्री हसला. सावकाशच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर हसायचा थांबला आणि म्हणाला, ‘अरे, गंमत केली.’

पण एव्हाना ती गंमत सावकाशच्या पोटात जाऊन बसली होती. गाडी विकावी म्हटलं तर घेणाऱ्याला काय सांगायचं? आणि न सांगता विकली तर ते पाप कोणाच्या माथी? तो पुन्हा चालवू लागला. आता प्रवासी मागे बसला की त्याला आरशात त्या प्रवाशाचा चेहरा पाहवत नसे. तो सारखा इंजिनाचा आवाज ऐकत राहायचा. एकटा असला की जास्तच. कारण एकट्याने चालवताना थांबली, तर ती कोणासाठी थांबली हे विचारायची गरजच नव्हती.

त्याची माणसं तरी किती? बायको, तिची आई, वसतिगृहात राहणारी मुलगी. आणि दादा.

दादा त्याचा थोरला भाऊ. विमानतळाच्या रस्त्यावरच्या वळणाला त्याचं घर होतं. सावकाश रोज तिथून जायचा आणि रोज मान दुसरीकडे वळवायचा. वहिनी गेल्या त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं होतं. वहिनी आतल्या खोलीत शेवटच्या घटका मोजत होत्या आणि दादा अंगणात गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. सावकाश पोचला तेव्हा त्याने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. जमलेल्या सगळ्यांसमोर तो म्हणाला, ‘बायको जात होती आणि तुला गाडीची पडली होती?’ त्यानंतर दोघांनीही एकमेकांच्या दारात पाऊल टाकलं नाही. दादाची गाडीही त्याच कंपनीची होती, हे सावकाशच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. सगळ्यांकडेच असायची.

एका दुपारी जेवताना त्याने मिस्त्रीची गोष्ट घरात सांगितली. थट्टेने सांगायला गेला, पण थट्टा जमली नाही. बायकोचा हात ताटावर तसाच राहिला. सासूबाई मात्र फिस्सकन हसल्या. त्यांचं सगळं आयुष्य कापडगिरणीत गेलं होतं.

‘तुमच्या मिस्त्रीला अर्धंच कळलंय, जावईबापू. असे माग होते आमच्या खात्यात. थांबायचे, अगदी खरं. पण ते काय सुतक पाळायला थांबायचे?’

‘मग कशाला?’

‘आम्ही धावावं म्हणून. धागा तुटला की माग थांबणार, आम्ही धावत जाणार, गाठ मारणार, माग परत सुरू. गाठ मारली की कापडाला पत्ताही लागत नाही. आमच्यात एक आळशी होती. माग थांबला की ती मागाची चाकं तपासत बसायची. मुकादम तिला म्हणायचा, अगं, माग बरा आहे, धाग्याकडे बघ.’

सासूबाईंनी ताक प्यायलं आणि त्या उठून गेल्या. सावकाशने हातातला घास ताटात ठेवला. मास्तरीण काय म्हणाली होती ते आता त्याला नीट ऐकू आलं. मघापर्यंत होते. माझं नाव घेत होते. ती काही त्या वेळात पोचली नसती, पण फोन तर लागला असता. शेवटचा शब्द तरी कानावर पडला असता. आणि तिला बसा म्हणणारा, सावकाश म्हणणारा, बॅटरीवर फुंकर मारणारा तोच होता.

मग त्याला अंगण आठवलं आणि बॉनेटमध्ये वाकलेली दादाची पाठ आठवली. ज्या गोष्टीसाठी त्याने भावाला चारचौघांत सोलून काढलं होतं, तीच त्याने स्वतः दोनदा केली होती. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. उद्या दादाकडे जायचं, असं त्याने ठरवलं. पण उद्या म्हणजे कधी, तर सावकाश. आठवडा गेला, मग आणखी एक गेला. रोज वळण आलं की वेग कमी व्हायचा आणि वळण संपलं की वाढायचा.

त्या दिवशी सकाळपासून त्याच्या छातीत जळजळत होतं. रात्रीचं तेलकट बाधलं म्हणून बायकोने ओवा दिला होता. विमानतळावर एका बाईंच्या भल्यामोठ्या बॅगा उचलून ठेवताना डावा खांदा भरून आला. ‘वय झालं,’ असं स्वतःशीच म्हणून तो रिकामी गाडी घेऊन परत फिरला. वळण जवळ आलं. दादाच्या घराची कौलं दिसू लागली आणि गाडी थांबली.

तसंच. धक्का नाही, आवाज नाही. कडेला घरंगळली, उभी राहिली. मागची सीट रिकामी होती. बाई हळूच ते दोन-तीन शब्द बोलली आणि गप्प झाली. मग तीच पुन्हा तेच बोलली. आजवर ती दर वेळी एकदाच बोलली होती.

त्याने बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. बायकोला फोन लावला. ‘अहो, काय झालं? आई झोपलीय. मी भाजी निवडतेय.’ त्याने ठेवून दिला. मुलीला लावला. ‘बाबा, वर्गात आहे, नंतर बोलू?’ तोही ठेवला. आता एकच नंबर उरला. तो त्याने रागाने फोनमधून पुसून टाकला होता, पण डोक्यातून पुसला गेला नव्हता. घंटा वाजत राहिली. कोणी उचललं नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

‘समजलं, बाई,’ तो डॅशबोर्डला म्हणाला, ‘जातो.’ दार सताड उघडं, किल्ली तशीच, गाडी रस्त्यात. स्टँडवरचं कोणी तिथे असतं तर त्याचा डोळ्यांवर विश्वास बसला नसता. सावकाश धावत होता. अंग घामाने निथळत होतं, चप्पल एका पायातून निसटली. दादा स्वयंपाकघरात पडलेला त्याला दिसत होता, न्हाणीघरात पडलेला दिसत होता. अजून वेळ आहे, तो मनात म्हणत होता, थांबली म्हणजे अजून वेळ आहे.

फाटकात दादा उभा होता.

धडधाकट, दोन पायांवर. मागे अंगणात त्याची गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी होती. बॉनेट बंद होतं. दादाच्या पायात चपला होत्या, जणू कुठेतरी निघाला होता.

‘फोन का उचलत नाहीस?’ सावकाशने धापा टाकत विचारलं. इतक्या दिवसांनी भावाशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

‘आत राहिला. निघालो होतो ना.’

‘कुठे?’

‘तुझ्याकडे.’ दादाने गाडीकडे हात केला. ‘आधी बाजारात निघालो होतो, तर फाटकापर्यंत आली आणि बंद पडली. आवाज नाही, काही नाही. तुझी वहिनी गेली त्या दिवशीही अशीच पडली होती. तेव्हा मी बॉनेट उघडलं. ती आतून हाका मारत होती आणि मी म्हणत होतो, आलो, एवढं बघून आलो.’ दादाने बंद बॉनेटकडे पाहिलं. ‘आज उघडलं नाही. म्हटलं, आपलं असं कोण उरलंय? तूच तेवढा. म्हणून पायीच निघत होतो.’

‘पण माझीही थांबली,’ सावकाश म्हणाला. ‘तिकडे, वळणापाशी. मला वाटलं तू...’

‘मी ठीक आहे.’

‘घरचे सगळे ठीक आहेत. सगळ्यांना विचारलं मी.’

‘सगळ्यांना?’ दादाने विचारलं.

सावकाश काहीतरी म्हणणार होता. त्याने फाटक धरलं. धरायचं होतं डाव्या हाताने, पण तो हात वर येईना, म्हणून उजव्याने धरलं. दादाने पुढे होऊन त्याचं मनगट पकडलं, मग कपाळाला हात लावला.

‘धाकट्या, तुझं अंग बर्फासारखं गार का पडलंय?’

‘धावलो ना. होईल बरं. जरा बसू दे. सावकाश...’

दादाने त्याला बसू दिलं नाही. लहानपणी ओढ्यातून नेताना धरायचा तसं त्याने त्याला बखोटीला धरलं, रस्त्याच्या मधोमध उभं केलं आणि समोरून येणाऱ्या पहिल्या गाडीपुढे स्वतः आडवा उभा राहिला. मागे अंगणातल्या गाडीत एक बाई हळू आवाजात तेच दोन-तीन शब्द पुन्हापुन्हा बोलत होती.

‘इस्पितळ,’ दादा ओरडला. ‘आणि याने सावकाश म्हटलं तर याचं अजिबात ऐकू नका.’