मेहुण्याच्या छातीतली कळ

माणसाचं हृदय त्याच्या घरच्या माणसाइतकं जगात कुणालाच कळत नाही, असा सिद्धान्त मी इस्पितळाच्या तातडीच्या विभागाच्या दारात मांडला. रखवालदार म्हणाला, "काका, गाडी बाजूला घ्या."

पेशंट माझा मेहुणा. छातीत कळ आली म्हणाला, म्हणून त्याला घेऊन आलो. आमच्यात सगळ्यांच्या वतीने मीच बोलतो. त्याचं लग्न ठरताना त्याच्या आवडीनिवडीही मीच सांगितल्या होत्या. संसार बरा चाललाय.

नर्सने त्याला शर्ट काढून खाटेवर निजवलं आणि छातीवर चकत्या चिकटवल्या. ईसीजीचा कागद बघत तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखणं जबड्याकडे जातं का?"

"नाही," मेहुणा म्हणाला.

"जातं," मी म्हणालो. "डावीकडच्या दाढेपर्यंत. त्याला धड सांगता येत नाही."

"घाम?"

"नाही."

"दरदरून. जिना चढताना तर कठडा धरून उभं राहावं लागतं."

"भावजी, मी तळमजल्यावर राहतो," मेहुणा कुजबुजला.

"तू मध्ये बोलू नकोस."

बाईंनी कागद खाली ठेवला. "ह्यांचा ईसीजी तर चांगला दिसतोय. काका, तुम्हाला हे सगळं इतकं नेमकं कसं माहीत?"

"सकाळपासून मला होतंय ना. सोबत आलेल्याला एवढं होतंय, तर पेशंटला किती होत असेल."

मग नर्सने मेहुण्याला दंडाला धरून उठवलं आणि त्याच्या जागी मला आडवं केलं. यंत्रातून कागद सरकू लागला. तो पुरता बाहेर यायच्या आत बाई फोनवर हळू आवाजात बोलायला लागल्या होत्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"काका, हा हार्ट अटॅक आहे. रक्तवाहिनी बंद झालीय, ती उघडायला आत्ता वर नेतोय. हलायचं नाही. बोलायचंही नाही."

दुसरी अट पाळायला मला काहीच करावं लागलं नाही. छताकडे बघत मी दाढेतली कळ ऐकत राहिलो. तिच्यासाठी सकाळी लवंग चघळली होती.

मेहुणा उघड्या अंगाने, चकत्यांसकट, भिंतीला टेकून उभा होता. चेहरा चुन्यासारखा. खाटेच्या चाकांचा खटका निघाला तसा तो धावत आला. त्याने माझा हात घट्ट धरला. डोळे भरलेले.

"ताईला घेऊन येतो, भावजी," तो म्हणाला. "फक्त जरा कूस बदलता का? माझा शर्ट तुमच्या पाठीखाली राहिलाय."