शपथेला ठेवलेला नळांचा कॅटलॉग

मी नळांचा कॅटलॉग बोलतोय. तोट्या, पाइप, बेसिन, शॉवर, सगळं रंगीत चित्रांसह. कोर्टात याचं काय काम, असं विचाराल. काम मोठं आहे. लोक माझ्यावर हात ठेवून देवाची शपथ घेतात.

पूर्वी या टेबलावर खराखुरा धर्मग्रंथ असायचा. मग सरकारने कायदा केला की कोर्टात धर्म आणायचा नाही, साक्षीदाराने 'खरं सांगेन' म्हटलं की पुरे. ग्रंथ मानाने परत गेला आणि साक्षीदारांची पंचाईत झाली. हात कुठे ठेवावा, ते कुणाला कळेना. कोर्टाचा संडास दुरुस्त करायला आलेला प्लंबर मला इथेच विसरला होता. शिपायाने मला उचललं, ग्रंथाच्याच लाल फडक्यात बांधलं आणि टेबलावर ठेवलं. जाडी साधारण तेवढीच होती.

न्यायाधीश साहेबांनी एकदा गाठ सोडून पाहिलं आणि पोट धरून हसले. "राहू दे," शिपायाला म्हणाले, "कायदाही मोडत नाही आणि लोकांना धाकही राहतो." जाता जाता घरासाठी त्यांनी माझ्यातला एक शॉवरही पसंत केला.

मीही फुशारलो, कबूल करायला लाज कसली! तोट्यांच्या जातीत एवढा मान कुणाला मिळालाय?

मग ती नर्स आली. नवऱ्यापासून वेगळी राहणारी. भांडण मुलीच्या ताब्याचं. मुलगी पुढच्या बाकावर बसली होती. हात प्लास्टरमध्ये, त्यावर आईने पेनाने काढलेलं मांजर.

शिपायाने मला पुढे केलं. "हात ठेवा, बाई."

"नको. कायद्यात साधी शपथ आहे ना? मी तीच घेते."

"अहो, सगळेच ठेवतात. तुमचं काय जातंय?"

"माझा देवावर विश्वास नाही. तरी हात ठेवला, तर सुरुवातच खोट्याने होईल."

इतकं खरं माझ्यासमोर आजवर कुणी बोललं नव्हतं. साहेबांच्या कपाळाला मात्र आठी पडली. तिने सांगितलं, पोरीचा हात बापाने पिरगळला.

मग बाप आला. दोन्ही हात माझ्यावर ठेवले, डोळे मिटले, वर कपाळही टेकवलं. "पोरीला मी साधं बोटही लावलं नाही, साहेब. खेळताना पडली." त्याच्या तळव्यांना घामसुद्धा नव्हता.

"जी बाई कशालाच मानत नाही, तिच्या शब्दावर पोर कशी सोपवायची?" साहेब म्हणाले. मुलगी बापाला मिळाली.

तेव्हा ती पोर उठून टेबलापाशी आली आणि प्लास्टरचा हात माझ्यावर ठेवला. "आईच्या ऐवजी मी ठेवला हात. आता जाऊ मी आईकडे?"

सगळे हसले. साहेबही हसले. "लहान मुलांची शपथ धरत नाहीत, बाळ." शिपायाने तिला बापाच्या हवाली केलं.

तिचं प्लास्टर निघायच्या आत बाप पुन्हा पिंजऱ्यात उभा होता. तेच दोन हात, तेच कपाळ. "बाथरूममध्ये पाय घसरला तिचा, साहेब. डोकं नळावर आपटलं. गेली."

मागच्या बाकावरून नर्स उठली. सरळ टेबलाशी आली, मला ओढलं आणि गाठ सोडली. पहिल्याच पानावर पितळी तोट्या. तिने ते पान साहेबांसमोर धरलं.

"यावर हात ठेवला नाही म्हणून माझी पोर गेली? यावर?"

साहेबांनी चष्मा पुसला. मग शिपायाला म्हणाले, "बाईंना बाहेर ने. आणि ते नीट बांध. पुढचा साक्षीदार."

आता मला दुहेरी गाठ असते. फडक्याच्या विणीत त्या पोरीच्या प्लास्टरची पांढरी भुकटी बसलीय, कितीही झटकली तरी जात नाही. शपथ घेणाऱ्यांच्या हाताला ती लागते. ते पँटला पुसतात आणि बोलायला लागतात.

तुम्हीही कधीतरी याल. शिपाई मला पुढे करेल. हात पुसण्याआधी ती गाठ तेवढी सोडा.