रविवारची नखं

डॉक्टरीणबाईंनी दिवा खाली ओढला आणि म्हाताऱ्याला दहाही बोटं टेबलावर पसरायला लावली. नखं पिवळीजर्द होती, जाड आणि कडेने वळलेली.

"पॉलिशचा रंग आहे तो," तो खोकत म्हणाला. "जन्मभर लोकांची कपाटं चमकवली. थोडं अंगाला लागणारच."

शेजारी बसलेल्या बायकोनेही तीच समजूत करून घेतली होती. टर्पेंटाइनचा बोळा घेऊन तिने ती बोटं इतकी घासली होती, की शेवटी तो वैतागून म्हणाला होता, "अगं, मी नवरा आहे तुझा, टेबल नाही!"

"काका, हा रंग आतून आलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुजलेले पाय, हा खोकला, फुफ्फुसाभोवती साठलेलं पाणी आणि ही नखं, सगळं एकाच आजाराचं आहे. फार क्वचित दिसतो तो. पाणी आज काढू, म्हणजे दम कमी लागेल. यात नखं वाढायची जवळजवळ थांबतात. शेवटची कधी कापलीत?"

"दर रविवारी ही कापते. लग्न झाल्यापासूनचा नेम आहे आमचा."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"कापत नव्हते," ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत म्हणाली. "कापण्याइतकं नख वाढायचंच नाही. यांनी धसका घेऊ नये म्हणून नुसतं नेलकटर वाजवायचे. उन्हाळ्यापासून. तेव्हाच बोलले असते, तर..."



"आता आलात ना काकू," म्हणत डॉक्टरीणबाई तयारी करायला आतल्या खोलीत गेल्या.

त्याने दम घेतला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "खाली पसरलेल्या कागदावर... नखाचा एक कपटाही पडत नव्हता."

"मग तोंडाला कुलूप लावलं होतं का?" ती उसळली. ओरडता ओरडताच तिचे डोळे भरून आले. "एवढे महिने छाती भरत गेली तुमची!"

त्याने पुन्हा दम घेतला.

"बोललो असतो, तर तू नेलकटर ठेवून दिलं असतंस. मग माझा हात... कशाला हातात घेतला असतास?"

आतून नर्सने हाक मारली. टेबलाचा आधार घेत तो उठला. तिने त्याचा हात धरला, तीच पिवळी बोटं आपल्या बोटांत घट्ट अडकवली.

"आज मंगळवार आहे," तो म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली.